मुंबईची फुलदाणी परत आणताना

माझ्या स्टुडिओत, भट्टीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीला एक जुनं काचेचं कपाट आहे. त्यात ती फुलदाणी ठेवली आहे. उंची ३४ सेंटिमीटर, वजन तीन किलोला थोडं कमी. गडद तपकिरी अंगावर पिवळ्या आणि हिरव्या झिलईतली फुलांची वेल, मानेभोवती पानांचा पट्टा, आणि तळाला ओल्या मातीत कोरलेली ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ ही खूण. जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका छोट्या गावच्या लिलावात ती मला १६० पौंडांना मिळाली. तेव्हाच्या दराने १६,८०० रुपये. पुण्यात कोथरूडला माझ्या दारात खोकं उतरलं तोवर खर्च ५५,१३५ रुपयांवर गेला होता.

हे पैसे गेले याचं मला दुःख नाही. पण त्यातला प्रत्येक रुपया कुठे गेला हे समजून घ्यायला मला दोन महिने लागले, आणि एका टप्प्यावर याहूनही जवळजवळ चोवीस हजार जास्त जाणार होते. ते कसे वाचले हे कुणीतरी मला आधी सांगितलं असतं तर रात्रीची झोप गेली नसती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कुंभारकाम जे. जे. मध्ये शिकले. तिथे चाकावर बसायला लागल्यापासून मनात होतं की आपल्या या संस्थेत दीडशे वर्षांपूर्वी बनलेलं एक तरी भांडं हातात घ्यायला मिळावं. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, म्हणजे त्या खुणेतलं ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’, १८५७ मध्ये सुरू झालं. १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने तिथे मातीकाम भरभराटीला आलं. त्यात सिंधकडच्या झिलईदार भांड्यांचे रंग होते, आणि त्याच काळात तिथले अध्यापक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते, त्यातल्या आकृती आणि नक्षीही भांड्यांवर उतरल्या. ही भांडी प्रदर्शनांतून विलायतेला गेली, तिथल्या घरांत राहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती आहेत, आपल्याकडे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. काचेबाहेरून मी ती कितीदा पाहिली असतील. पण कुंभाराला भांडं डोळ्यांनी पुरत नाही, आत हात घालावा लागतो.

खरं तर माझी नजर आधी एका पेटीवर गेली होती. इंग्लंडच्या लिलावांत ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या पेट्या नेहमी येतात. चंदनाची किंवा शिसवीची पेटी आणि वर सदेली काम, म्हणजे धातू, लाकूड, शिंग आणि हस्तिदंत यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून, आडव्या चकत्या कापून बसवलेली नक्षी. बर्मिंगहॅमला राहणाऱ्या भाच्याला मी फोटो पाठवला. त्याने फोनच केला.

“मावशी, यात हस्तिदंत आहे ना? मग सोड ते.”

“अरे, शंभर वर्षांपूर्वीची आहे ती.”

“असू दे. इथे नवीन कायदा आलाय, लिलाववाले स्वतःच घाबरून असतात.”

त्याचं बरोबर होतं. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा, पण अंमलात आला जून २०२२ मध्ये. १९४७ पूर्वीची वस्तू आणि तिच्यात हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी, अशा काही मोजक्या सवलती आहेत, त्यासाठीही नोंदणी लागते. देशाबाहेर पाठवायचं तर वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची परवानगी वेगळी. आणि आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आयातीलाही. पेटी विमानतळावर अडकली तर ती परत मिळण्याची आशा धरू नये. शिसवीचंही तसंच. भारतीय शिसव ज्या वंशातली, तो सगळा वंश जानेवारी २०१७ पासून त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर पाठवायला परवानगी लागू शकते. जुनं लाकडी सामान घ्यायचा विचार असेल त्यांनी लाकूड कोणतं हे आधी विचारावं, नक्षी मागाहून पाहावी. मी पेटी सोडली. मातीला असलं काही लागत नाही.

फुलदाणी दिसली त्या लॉटच्या, म्हणजे लिलावात क्रमांक देऊन मांडलेल्या वस्तूच्या, वर्णनात फक्त ‘भारतीय मातीची फुलदाणी, एकोणिसावं शतक’ एवढंच लिहिलं होतं. तळाचा फोटो नव्हता. मी मेल करून तळ, मानेची आतली बाजू आणि ओठाची कड, असे तीन फोटो मागवले. शिवाय एक विनंती केली: भांडं टेबलावर ठेवून बोटाच्या पेराने हळूच टिचकी मारा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. त्यांनी पाठवला. मातीचं भांडं चिनी मातीसारखं खणखणत नाही, पण तडा असेल तर आवाज बसका, तुटका येतो. हा आवाज भरीव होता. ओठाला एक कपची उडालेली होती, झिलईत केसासारख्या रेघा होत्या. दीडशे वर्षांत तेवढं होणारच. तळाची खूण पाहिली आणि माझा निर्णय झाला.

लिलावाच्या आधी मी एक गोष्ट केली नाही, ती करायला हवी होती. पाठवण्याचा खर्च विचारला नाही.

हातोडी १६० पौंडांवर पडली. त्यावर लिलावगृहाचं प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन, २५ टक्के, म्हणजे ४० पौंड. त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, ८ पौंड. घरबसल्या ऑनलाइन बोली लावली म्हणून त्या संकेतस्थळाचे पाच टक्के आणि त्यावरचा व्हॅट, मिळून ९ पौंड ६० पेन्स. बिल आलं २१७ पौंड ६० पेन्सचं. इथपर्यंत मला कल्पना होती, कारण हे दर बोलीच्या पानावर लिहिलेले असतात. वस्तू देशाबाहेर गेल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत दिला तर काही लिलावगृहं प्रीमियमवरचा व्हॅट परत करतात. माझे आठ पौंडच होते, मी मागे लागले नाही. मोठ्या खरेदीत जरूर मागे लागावं.

मग त्यांच्या मेलची शेवटची ओळ वाचली. ‘आम्ही वस्तू बांधून पाठवत नाही, खालीलपैकी एखाद्या पॅकिंगवाल्याशी संपर्क साधा.’ छोट्या गावांतली बहुतेक लिलावगृहं असंच करतात. तीन नावं होती. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने भाव पाठवला: पॅकिंग, वाहतूक आणि विमा मिळून २९० पौंड. फुलदाणीच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट. मला वाटलं टाइप करताना काही चुकलं असेल.

चुकलं नव्हतं. कुरिअर कंपन्या वजन दोन प्रकारे काढतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. एक काट्यावरचं वजन. दुसरं आकारमानाचं: खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. त्या माणसाने फुलदाणीसाठी ६० बाय ४५ बाय ४५ चं खोकं धरलं होतं. म्हणजे २४.३ किलो. तीन किलोची फुलदाणी आणि एकवीस किलो हवा.

तिसऱ्या पॅकिंगवाल्याशी मी फोनवरच बोलले. गृहस्थ वयस्क होते, आधी स्वतः चिनी मातीची दुरुस्ती करायचे. मी म्हटलं, मी पण कुंभार आहे, माझीही भांडी दिल्लीला, बंगळुरूला जातात, आपण खोक्याचं माप ठरवू या. दुहेरी खोकं हवंच होतं, म्हणजे भांडं एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्यात आणि मध्ये चारी बाजूंनी फोम. लाकडी क्रेट नको म्हटलं. वजन वाढतं, शिवाय परदेशातून येणाऱ्या लाकडी पॅकिंगवर कीड मारल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का लागतो, तो नसला तर नवीन कटकट. फुलदाणीच्या पोटात मऊ कागद सैल भरायचा, दाबून नाही, कारण दाबलेला कागद धक्का थेट मानेला देतो. शेवटी बाहेरचं खोकं ५० बाय ३५ बाय ३५ चं ठरलं. आकारमानाचं वजन १२.२५ किलो, म्हणजे निम्मं. पॅकिंग ४५ पौंड, वाहतूक ११८, विमा १२. एकूण १७५. २९० पासून १७५ पर्यंत आलो ते केवळ खोकं दहा सेंटिमीटर इकडेतिकडे केल्याने.

विम्याचे १२ पौंड वेगळे का, हेही सांगते. कुरिअरच्या नेहमीच्या विम्यात काच, चिनी माती आणि पुराणवस्तू बहुधा धरतच नाहीत. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पॅकिंगवाल्याचा स्वतःचा वाहतूक विमा होता, त्यात फुटतूट धरलेली होती. मी त्या अटींचा कागद मागवून वाचला आणि मगच पैसे भरले.

याच सुमारास एका ओळखीच्या बाईंनी प्रेमाने सल्ला दिला, ‘गिफ्ट लिहून पाठवायला सांग आणि किंमत वीस पौंड टाक, मग काही भरावं लागत नाही.’ हा सल्ला अनेकांना मिळतो, म्हणून स्पष्टच लिहिते. परदेशातून भेट म्हणून माल सोडवून घेण्याची सोय आपल्या सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये बंद केली आहे. राख्या आणि जीवरक्षक औषधं एवढंच त्यातून वगळलं आहे. आणि किंमत खोटी लिहिली तर कस्टम माल जप्त करू शकतं. शिवाय वाटेत भांडं फुटलं तर विमा त्याच वीस पौंडांचा. पण माझं खरं कारण वेगळं होतं. हे भांडं कुठे बनलं, कधी बनलं, केवढ्याला विकलं गेलं, ही त्याची साखळी आहे. जुन्या वस्तूजवळ या कागदांखेरीज दुसरं काय असतं? त्या साखळीत माझ्या हाताने एक खोटा कागद घालणं मला जमलं नसतं.

पार्सल निघालं. चौथ्या दिवशी मुंबईत उतरलं. कुरिअरचा मेल आला, आधार आणि पॅन पाठवा. पाठवले. दुसऱ्या दिवशी ट्रॅकिंगवर लाल अक्षरं आली आणि संध्याकाळी कुरिअरच्या क्लिअरिंग विभागाचा मेल. सोबत अंदाजपत्रक. ३२,१६१ रुपये.

मी तो आकडा स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला. मग खाली बसून कागद उलगडला. माल ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’ या शीर्षकाखाली टाकला होता. तेव्हा त्याचे दर असे लावले होते: मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यासकट होणाऱ्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. करावर कर चढत जातो तो असा, आणि एकूण भार भरतो ७७.२८ टक्के. वस्तूची किंमत, पॅकिंग, वाहतूक, विमा असे पूर्ण ३९२ पौंड ६० पेन्स कस्टमच्या १०६ च्या दराने गुणून ४१,६१६ रुपये धरले होते. बँकेचा दर आणि कस्टमचा दर सारखा नसतो, कस्टमचा दर सरकार स्वतः जाहीर करतं आणि तोच चालतो.

मेलच्या शेवटी होतं, ‘४८ तासांत मंजुरी द्या, अन्यथा साठवणूक शुल्क लागू होईल.’ घाबरून मंजुरी देणारे कितीतरी जण असतील. मीही देणार होते. नवरा म्हणाला, “एक दिवसाचं साठवणूक शुल्क भर, पण न कळता सही करू नकोस.” त्या वाक्याने मी सावरले.

रात्री सीमाशुल्काची दरसूची उघडून बसले. ती कुणालाही पाहता येते, सरकारी संकेतस्थळावर आहे. प्रकरण ९७ हे कलाकृती, संग्राह्य वस्तू आणि पुराणवस्तू यांचं. त्यात शीर्षक ९७०६: शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू. २०२२ मध्ये जगभर या शीर्षकाचे दोन भाग झाले, अडीचशे वर्षांहून जुन्या वस्तू वेगळ्या आणि बाकीच्या वेगळ्या. माझी फुलदाणी दुसऱ्या भागातली, ९७०६ ९० ००. तिथे शुल्क १० टक्के, त्यावर दहा टक्के अधिभार म्हणजे एक टक्का, आणि तेव्हा आयजीएसटी १२ टक्के. १०० रुपयांवर ११, मग १११ वर १३.३२. एकूण २४.३२. एकाच वस्तूला एका शीर्षकाखाली ७७ आणि दुसऱ्याखाली २४.

मग पॅकिंगवाल्याने खोक्यावर लावलेलं बिल पाहिलं आणि चूक कुठे झाली ते कळलं. त्यावर एवढंच होतं: ‘वापरलेली शोभेची फुलदाणी, एक नग’. वर्ष नाही, वय नाही, कोड नाही. त्या भल्या गृहस्थांनी भांडं उत्तम बांधलं होतं, पण कागद मी तपासायला हवा होता. कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर खोकं उघडत नाही, आधी कागद उघडतो. त्यात ‘वापरलेली’ हा शब्द आणखी वाईट. जुन्या, वापरलेल्या मालाच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. वापरलेली वस्तू आणि पुराणवस्तू यांतला फरक आपल्याला घरी सांगावा लागत नाही, तिथे तो लिहावा लागतो.

सकाळी कुरिअरच्या मदत क्रमांकावर फोन केला. तीन जणांनी तिसऱ्याच विभागात पाठवलं. चौथा तरुण मात्र नीट बोलला.

“मॅडम, ही अँटिक आहे याचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?”

“आहे. काय काय लागेल?”

“वय लिहिलेलं विक्रेत्याचं पत्र, लेटरहेडवर. फोटो. पैसे भरल्याची पावती. आणि तुमचा एक अर्ज, कुठल्या कोडखाली हवंय ते लिहून. आम्ही बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा कागद, त्याप्रमाणे भरू, पण साहेब मानतील की नाही ते आम्ही नाही सांगू शकत.”

लिलावगृहाच्या बाईंना मी लगेच लिहिलं. त्यांचं उत्तर दुपारी आलं, त्यांच्याकडे सकाळ होताच. पत्रात लिहिलं होतं: ही फुलदाणी मुंबईच्या कलाशाळेत अंदाजे १८७५ ते १८८० या काळात बनली, शंभर वर्षांहून जुनी आहे, तळाशी खूण आहे, अमुक तारखेच्या लिलावात अमुक क्रमांकाचा लॉट म्हणून इतक्याला विकली. मी त्याला तळाचा फोटो जोडला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहातल्या त्याच धाटणीच्या भांड्याची छापील नोंद जोडली, कार्डाचं स्टेटमेंट जोडलं. आणि मराठी शाळेत शिकल्याप्रमाणे, विषय, संदर्भ, महोदय असा साधा अर्ज इंग्रजीत लिहिला.

अर्जात दुसरा मुद्दाही घातला, तो मला त्या रात्रीच्या वाचनात सापडला होता. आयात मालाचं मूल्य धरताना वाहतूक खर्च मिळवतात हे खरं. पण सीमाशुल्क मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांत एक मर्यादा आहे: माल विमानाने आला असेल तर वाहतूक खर्च मालाच्या मूळ मूल्याच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचा नाही. माझं बिल आणि पॅकिंग मिळून २६२ पौंड ६० पेन्स. त्याचे २० टक्के ५२ पौंड ५२ पेन्स. आणि अंदाजपत्रकात मात्र वाहतुकीचे पूर्ण ११८ धरले होते. हलक्या किमतीची, पण मोठ्या खोक्याची वस्तू मागवणाऱ्या प्रत्येकाला या नियमाचा उपयोग आहे. वाहतुकीचा आकडा बिलावर वेगळा लिहिलेला असावा लागतो, नाहीतर मर्यादा लावायची कशाला? माझ्या पॅकिंगवाल्याने सुदैवाने तीन आकडे तीन ओळींत लिहिले होते.

अर्ज गेला आणि वाट पाहणं सुरू झालं. एकदा प्रश्न आला, खूण वाचता येईल असा मोठा फोटो द्या. दिला. मग चार दिवस काही नाही. त्या दिवसांत मी चाकावर बसले तरी माती मध्यावर येत नव्हती. कुठल्यातरी शेडमध्ये, फोर्कलिफ्टच्या ये-जा करण्याच्या वाटेवर ते खोकं असेल, त्यावर दुसरी खोकी असतील, हेच डोळ्यांपुढे. भाच्याला म्हटलं, “तू डिसेंबरात येऊन गेलास, महिनाभर थांबला असतास तर?”

“मावशी, पुढच्या वेळी छोटं काही घे, मी हातातल्या बॅगेतून आणतो.”

तो मार्ग खरोखर स्वस्त आहे. तेव्हाच्या नियमाने प्रत्येक प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क नव्हतं, त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के. पण ही सवलत माणशी असते, नवराबायकोची मिळून एका वस्तूला धरता येत नाही. आणि ३४ सेंटिमीटरची फुलदाणी विमानाच्या वरच्या कप्प्यात, कुणाच्या तरी बॅगेखाली ठेवायची कल्पना मला सोसली नाही.

नवव्या दिवशी मेल आला. आकारणी ९७०६ खाली, वाहतूक मर्यादेसह. मूल्य ३४,६७५ रुपये, शुल्क आणि कर मिळून ८,४३३. मी तो मेल नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग मला रडू आलं. पैसे वाचले म्हणून नाही. सरकारी कागदावर, माझ्या नावापुढे, ‘शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू, बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ असं लिहिलं होतं. अधिकाऱ्याने ते पत्र वाचलं होतं, खूण पाहिली होती, आणि मान्य केलं होतं.

बाकीचा हिशेब पटकन सांगते. कुरिअरने शुल्क आपल्या वतीने आधी भरलं, त्याचं सेवाशुल्क जीएसटीसह १,४१६. नऊ दिवसांचं साठवणूक शुल्क जीएसटीसह २,३६०. कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,७०३. हा शेवटचा खर्च लोक विसरतात, कारण तो महिन्याअखेरीच्या स्टेटमेंटमध्ये दोन ओळींत येतो. वस्तूचे आणि पाठवण्याचे ४१,२२३. बेरीज ५५,१३५, हातोडीच्या भावाच्या सव्वातीन पट. साठवणुकीचे पैसे पूर्ण वाचले असते, खोक्यावरच्या बिलावर पहिल्या दिवसापासून वय, काळ आणि कोड असते तर. आता मी लिलावापूर्वीच विक्रेत्याला आणि पॅकिंगवाल्याला वर्णनाचा मजकूर शब्दशः पाठवते आणि ‘हेच छापा’ म्हणते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पुराणवस्तू आणि कलाकृतींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या हिशेबाने माझ्या फुलदाणीवर २४.३२ ऐवजी १६.५५ टक्के लागले असते, म्हणजे सुमारे २,७०० रुपये कमी. ही बातमी वाचून मला आनंदच झाला. आपल्याकडच्या कितीतरी वस्तू बाहेर आहेत, आणि त्या साध्या माणसांच्या आवाक्यात, माफक भावात निघत असतात. संग्रहालयांना प्रत्येक फुलदाणीमागे धावता येणार नाही. शिक्षकाला, कारागिराला, निवृत्त माणसाला ती घरी आणता आली पाहिजे.

आणखी एक कायदा ध्यानात ठेवावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू सर्वसामान्य माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. भाचा म्हणाला होता, “कधी इकडे प्रदर्शन असलं तर घेऊन ये.” तसं आता होणार नाही. आयातीची कागदपत्रं मी म्हणूनच जपून ठेवली आहेत, बिल ऑफ एंट्री, ते पत्र, लॉटचं पान, सगळं एका फाइलमध्ये, फुलदाणीच्याच कपाटात खालच्या कप्प्यात.

खोकं आलं त्या दिवशी दुपारी स्टुडिओत माझे चार विद्यार्थी होते. टेप कापली, पहिलं खोकं, फोम, दुसरं खोकं, कागद. ओठावरची कपची होती तशीच, नवीन काही नाही. मी अंगठी काढून ठेवली आणि आत हात घातला. पोटाच्या मध्यावर बोटांना एक उंचवटा लागला. वरचा आणि खालचा भाग वेगळा काढून इथे जोडला होता, आणि जोड आतून अंगठ्याने दाबून बसवला होता. चाकावरच्या बोटांच्या कड्या खाली जवळजवळ होत्या, मानेकडे विरळ होत गेल्या होत्या, मी स्वतः घाईत काढते तेव्हा जशा होतात तशाच. मी हात बाहेर काढला आणि सगळ्यात लहान मुलीला म्हटलं, “आता तू घाल.”